पाखरांच्या गप्पा आणि नोंदवही

'गप्पा मारणे' हा शब्दप्रयोग मराठीत बहुधा कौतुकाने केला जात नाही. काम बाजूला ठेवून बोलत बसणाऱ्याला आपण गप्पिष्ट म्हणतो आणि त्याच्या बोलण्यातून काही निष्पन्न होईल अशी अपेक्षा ठेवत नाही. असे असले तरी गप्पांवाचून कोणत्याही समाजाचे चालत नाही. गावचा पार, पाणवठा, गिरणीचे फाटक, आगगाडीचा डबा ही गप्पांची जुनी ठिकाणे होत. त्यांत आता मोबाइलची भर पडली आहे. या नव्या पारावर जमणारी माणसे एका गावची नसतात. कित्येकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलेही नसते. तरीही ती रोज एकमेकांची विचारपूस करतात, सुखदुःखे सांगतात. अशा दूरदूरच्या मित्रमंडळींत पाखरांविषयी बोलणाऱ्यांचे मेळे ठिकठिकाणी आढळतात. त्यांच्या या बोलण्याला काही मोल आहे काय, आणि असल्यास ते कोणत्या अटीवर, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या गप्पांमध्ये संसार आणि पाखरे यांची सरमिसळ असते. कोणी लिहिते की आज नळाला पाणी आले नाही, मुलीची परीक्षा सुरू झाली आणि खिडकीसमोरच्या शेवग्यावर शिंजीर येऊन गेला. बडोद्याहून एखादा विचारतो, 'काकू, तुमच्याकडे पावशा ओरडू लागला का?' नागपूरच्या काकू उत्तर देतात, 'अजून नाही रे बाबा, ऊन मात्र मरणाचे आहे.' रात्रपाळीचा पहारेकरी पहाटे ऐकलेल्या पिंगळ्याविषयी सांगतो. आजारपणामुळे घरात अडकलेली एखादी आजी गच्चीवर येणाऱ्या होल्यांची खबर देते. वरवर पाहता यात ज्ञान म्हणावे असे काही नाही. परंतु येथे कोणाचे शिक्षण किती, पद कोणते, घर केवढे हे विचारले जात नाही. ज्याने पाखरू पाहिले त्याचे म्हणणे ऐकले जाते. माणसाला माणसाशी असे बरोबरीने बोलता यावे, ही गोष्ट आपल्या समाजात आजही सहजसाध्य नाही. त्या दृष्टीने या गप्पांचे पहिले मोल सामाजिक आहे.

दुसरे मोल ज्ञानाचे आहे आणि त्याचा पुरावा आपल्या भाषेतच सापडतो. पाखरांची मराठी नावे पाहा. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा 'टुक् टुक्' आवाज करणारा तो तांबट. पानांच्या कडा टाके घातल्यासारख्या जोडून घरटे करणारा तो शिंपी. पाण्याच्या काठी शेपटी सतत वरखाली आपटणारा तो धोबी. पकडलेले किडे आणि सरडे काट्याला टोचून ठेवणारा तो खाटीक. शेपटीचा पंखा पसरून जागच्या जागी वळणारा तो नाचण. ही नावे कोणत्याही पंडितांच्या सभेत ठरलेली नाहीत. शेतात राबणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, गुरे राखणाऱ्या माणसांनी काम करता करता पाहिले, एकमेकांना सांगितले आणि त्या सांगण्यातून नावे रुजली. आपल्या पूर्वजांच्या गप्पांचाच हा ठेवा आहे.

मात्र नुसत्या सांगण्याला एक मर्यादा असते, हेही अशाच एका नावातून दिसून येते. विहिरीवर झुकलेल्या फांदीला टांगलेली सुबक घरटी विणणाऱ्या पाखराला आपण सुगरण म्हणतो. नावावरून वाटते की हे विणकाम मादी करते. प्रत्यक्षात घरटे विणतो तो नर. हे वर्तन बारकाईने टिपण्याचे काम सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे केले. नर अनेक घरटी अर्धवट विणून ठेवतो. माद्या येऊन त्यांची पारख करतात. एखादीला घरटे पसंत पडले म्हणजे ती तेथे राहते. मग नर उरलेले काम पुरे करून दुसऱ्या घरट्याच्या उद्योगाला लागतो. ही सर्व हकीकत त्यांनी दिवसांमागून दिवस घरट्यांसमोर बसून नोंदविली आणि १९३१ साली मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. सुगरणीची घरटी तोवर असंख्य लोकांनी पाहिली होती. सलीम अलींच्या हाती वही होती, हा फरक महत्त्वाचा ठरला.

सलीम अलींच्या आयुष्यातील तो काळ कसा होता, हेही या पुस्तकाच्या वाचकांनी जाणून घेण्याजोगे आहे. विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नव्हती. पुढे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मिळालेले मार्गदर्शक व्याख्यात्याचे पद, ते जर्मनीहून शिकून परतले तेव्हा पैशांअभावी रद्द झालेले होते. दुसरे काम मिळेना म्हणून ते पत्नीसह किहीमला राहू लागले आणि दारासमोरच्या झाडावरील घरट्यांचा अभ्यास करू लागले. पुढे १९७६ साली ज्यांना पद्मविभूषण मिळाले, त्यांच्या कीर्तीचा एक पाया या बेकारीच्या दिवसांत घातला गेला. शाळा-महाविद्यालयाच्या नेहमीच्या वाटेने ज्यांना जाता आले नाही, त्यांना ज्ञानाचा दरवाजा बंद नसतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

दूर राहणाऱ्या मित्रांनी पाखरांविषयी एकमेकांना कळवीत राहावे, ही प्रथाही मोबाइलइतकी नवी नाही. एकोणिसाव्या शतकात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानभर पत्रमित्रांचे मोठे जाळे उभे केले होते. १८८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांना पत्रे लिहिणाऱ्यांत जिल्ह्याचे अधिकारी होते, सैनिक होते, वैद्य होते. आपापल्या भागात दिसलेल्या पाखरांची माहिती आणि नमुने ते धाडीत. त्या माहितीसाठी ह्यूम यांनी १८७०च्या दशकाच्या आरंभी 'स्ट्रे फेदर्स', म्हणजे 'विखुरलेली पिसे', या नावाचे नियतकालिक सुरू केले. ह्यूम एका मोठ्या ग्रंथाचीही तयारी करीत होते. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे जमविलेले हस्तलिखित सिमल्यातील त्यांच्या घरातून एका नोकराने रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकले. या आघातानंतर त्यांचे पक्षिशास्त्रातून मन उडाले. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की जे त्यांनी स्वतःजवळ राखून ठेवले होते ते नष्ट झाले आणि जे मित्रांना वाटून टाकले होते ते टिकले. 'स्ट्रे फेदर्स'चे अंक अभ्यासकांना अजूनही उपयोगी पडतात.

याच अंकांतून जगासमोर आलेल्या एका पाखराची कथा आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहे. ब्लेविट नावाच्या एका अधिकाऱ्याने १८७२ साली, आज छत्तीसगडमध्ये असलेल्या भागातून, एका लहान घुबडाचा नमुना मिळविला. ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तोच आपला रानपिंगळा. पुढील काही वर्षांत खानदेशासह काही ठिकाणी त्याचे मोजकेच नमुने मिळाले आणि १८८४ नंतर तो कोणाच्याच दृष्टीस पडेना. अपवाद एकच होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या प्रसिद्ध इंग्रज संग्राहकाने आपल्याला हे पाखरू १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे मिळाल्याचे सांगितले होते. हा माणूस नावाजलेला असल्यामुळे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला गेला. पुढे पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने नमुने तपासले तेव्हा उघड झाले की माइनर्ट्‌झहागेनने दुसऱ्याने मिळविलेला जुना नमुना चोरून त्यावर स्वतःची खोटी चिठ्ठी लावली होती. खोटी चिठ्ठी बाजूला सारून खऱ्या जुन्या नोंदींच्या आधारे रासमुसेन यांनी दोघा सोबत्यांसह शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार परिसरातील शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी! त्यानंतर मेळघाटासह इतरही काही ठिकाणी तो आढळून आला.

ही कथा मला केवळ रंजक वाटत नाही. एका बड्या माणसाच्या असत्य नोंदीने शोध घेणाऱ्यांची दिशाभूल केली आणि कित्येक सामान्य माणसांच्या सत्य नोंदींनी ते पाखरू पुन्हा सापडले. आजच्या काळात तर असत्य नोंद करणे अधिकच सोपे झाले आहे. दुसऱ्याचे छायाचित्र आपले म्हणून पाठविता येते. जे पाखरू कोणी पाहिलेच नाही त्याचेही हुबेहूब चित्र संगणकाकडून तयार करून घेता येते. मित्रांनी 'वा!' म्हणावे एवढ्याच हौसेपायी कोणी असे करीत असेल, तर तो आपल्या करमणुकीसाठी पुढल्या पिढीची वाट चुकवीत आहे. म्हणून पाखरांच्या गप्पांची पहिली अट सत्य ही होय. ओळख पटली नाही तर 'ठाऊक नाही' असे लिहावे. 'ठाऊक नाही' या दोन शब्दांत कमीपणा नाही. जाणकारांच्या वह्यांतही ते जागोजागी असतात.

दुसरी अट अशी की जे नेहमीचे आहे त्याचीही नोंद व्हावी. मनुष्यस्वभाव असा आहे की दुर्मीळ पाखरू दिसले म्हणजे तो दहा जणांना सांगतो आणि रोजच्या कावळ्या-चिमण्यांकडे दुर्लक्ष करतो. या दुर्लक्षाची किंमत किती मोठी असते, हे गिधाडांनी आपल्याला शिकविले. १९८०च्या दशकापर्यंत गिधाडे इतकी होती की ती मोजावीत असे फारसे कोणाला वाटले नाही. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की त्यांचा थवा उतरे आणि काही वेळात हाडे तेवढी उरत. १९९०च्या दशकात हे थवे विरळ होत गेले. गावोगावी लोक म्हणू लागले की हल्ली गिधाडे दिसत नाहीत. पण पूर्वी किती होती, कोणत्या वर्षापासून कमी झाली, हे सांगणार कोण? राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात जुनी मोजणी उपलब्ध होती. तिच्याशी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातील मोजणी ताडून पाहिल्यावर ऱ्हासाचे भयंकर प्रमाण ध्यानी आले. २००४ साली कारण उघड झाले. गुराढोरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश त्यांच्या मांसात राहतो आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली भारत सरकारने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी बहुतेक सर्व नाहीशी झाली होती. प्रत्येक तालुक्यात जर चार माणसांनी साधी नोंद ठेवली असती, तर हा धोका काही वर्षे आधी कळला असता, असे मानण्यास जागा आहे.

सुदैवाने ही जाणीव आता रुजू लागली आहे. देशभरातील हौशी निरीक्षक आपापल्या नोंदी आता एके ठिकाणी जमा करीत असतात. अशा नोंदींवरून तयार झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२० साली आणि पुन्हा २०२३ साली प्रसिद्ध झाला. २०२३च्या अहवालासाठी तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरण्यात आल्या. त्यात ९४२ जातींचा विचार झाला आणि त्यांपैकी १७८ जातींच्या रक्षणाकडे तातडीने लक्ष पुरविले पाहिजे असे दिसून आले. आपल्या परिचयाच्या नीलपंखाची संख्या लक्षणीयरीत्या घटली आहे, हेही त्यातून कळले. चिमणीविषयी मात्र २०२०च्या अहवालाने वेगळेच सांगितले. चिमण्या सगळीकडूनच नाहीशा झाल्या अशी आपली समजूत असते. अहवालानुसार मोठ्या शहरांत त्या कमी झाल्या आहेत, पण देशाचा एकूण विचार करता त्यांची संख्या साधारण स्थिर आहे. जे आपल्याला दिसत नाही ते कोठेच उरले नाही, असे मानण्याची घाई करू नये, हा धडा यातून मिळतो. मोरादाबादच्या, रत्नागिरीच्या आणि कोइमतूरच्या माणसांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावाचून तो मिळाला नसता. एकट्या माणसाची नजर अंगणापुरती असते. अनेकांची अंगणे जोडली गेली म्हणजे देश दिसू लागतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. पोटापाण्याची विवंचना असलेल्या माणसाने पाखरे कशाला पाहावीत? हा पैसेवाल्यांचा छंद आहे, असे अनेकांना वाटते. दुर्बिणी आणि महागडे कॅमेरे गळ्यात अडकवून फिरणारी मंडळी पाहिली की तसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यात तथ्यांश नाही असेही म्हणता येणार नाही. परंतु पाखरू पाहण्यासाठी डोळे आणि कान पुरेसे असतात, आणि बाहेर उन्हापावसात ज्यांचे काम चालते त्यांच्याइतकी संधी दुसऱ्या कोणाला मिळते? गवंडी, पोस्टमन, भाजीवाली, शेतमजूर, मच्छीमार, बसचालक यांना जे रोज दिसते ते सुट्टीच्या दिवशी रानात जाणाऱ्याला दिसत नाही. उणीव एवढीच आहे की त्यांचे पाहणे कागदावर उतरत नाही. नोंदींचा हा संग्रह शहरी, सुखवस्तू माणसांपुरता राहिला, तर तो अपुरा राहील. म्हणून कष्टकऱ्यांनी या गप्पांत आपले सांगणे जोडावे आणि इतरांनी ते आदराने ऐकावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या गप्पांनी पाखरांचे नुकसानही होते. दुर्मीळ पाखराच्या घरट्याचा ठावठिकाणा कळला की छायाचित्रे काढणाऱ्यांची तेथे रीघ लागते. फांद्या दूर सारल्या जातात, आईबाप घाबरून दूर राहतात आणि उघडी पडलेली पिले कावळ्याच्या किंवा उन्हाच्या तडाख्यात सापडतात. काहीजण ध्वनिमुद्रित आवाज पुन्हा पुन्हा ऐकवून नराला समोर बोलावतात. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो बिचारा आपली शक्ती वाया घालवितो. अशा वेळी गप्पांना आवर घालणे हेच मैत्रीचे लक्षण समजावे. घरट्याचे नेमके ठिकाण चारचौघांत सांगू नये, कोणी विचारले तरी नम्रपणे नकार द्यावा. सगळे काही सर्वांना सांगितलेच पाहिजे असे नाही. घरातल्या लेकराची जशी आपण काळजी घेतो, तशीच येथेही घ्यावी.

मग नोंद कशी असावी? तारीख, वेळ, ठिकाण, पाखराचे नाव, संख्या आणि ते काय करीत होते, एवढे पुरे. 'आज खूप बगळे दिसले' याऐवजी 'सकाळी सात वाजता, गावच्या तळ्यावर, चौदा गायबगळे, म्हशींच्या मागे चरत होते' असे लिहिले की तेच वाक्य पन्नास वर्षांनी कोणाच्या तरी कामी येईल. नाव मराठीत लिहावे, आपल्या भागातले वेगळे नाव असेल तर तेही लिहावे. नाहीतर ते बोलणाऱ्यांबरोबरच संपून जाईल. मध्य प्रदेशात, गुजरातेत, कर्नाटकात किंवा दिल्लीत राहणाऱ्या मराठी वाचकांनी शेजाऱ्यांकडून त्यांच्या भाषेतली नावेही विचारून घ्यावीत. आपल्याकडची सुगरण उत्तरेत बया होते. दोन्ही नावे ज्याला ठाऊक आहेत त्याला दोन घरची माणसे ओळखीची होतात.

यासाठी गप्पांतली मजा सोडण्याचे कारण नाही. नळाचे पाणी, मुलीची परीक्षा आणि शेवग्यावरचा शिंजीर एकाच दमात येऊ द्यावेत. तेच जगणे आहे, आणि पाखरेही त्या जगण्यापासून वेगळी नाहीत. फक्त गप्पा संपल्यावर वही उघडून दोन ओळी लिहाव्यात. ज्यांना लिहिण्याचा सराव नुकताच होऊ लागला आहे अशा वाचकांना तर यासारखा दुसरा अभ्यास नाही. विषय दाराबाहेर बसलेला असतो, शब्द आपलेच असतात आणि खरे-खोटे तपासणारे आपले आपणच असतो. येत्या मोसमात पावशा आपल्या भागात पहिल्यांदा कधी ओरडला, एवढे जरी प्रत्येकाने लिहून ठेवले आणि दूरच्या एका मित्राला कळविले, तरी या लेखाचे काम झाले असे मी समजेन.